तुमच्याकडचा ट्रायकोग्रामा नक्की कोणता, हे ओळखायचं कसं

ऊसवाल्यांना ट्रायकोग्रामा, म्हणजे किडींच्या अंड्यात वाढून त्यांना संपवणारा बारीक उपयोगी कीटक, हा शब्द काही नवीन नाही. ट्रायकोकार्ड म्हटलं की लगेच डोळ्यासमोर येतं, जाड कागदाचं कार्ड, त्यावर चिकटवलेली साधारण २० हजार बारीक काळी अंडी, पट्ट्या कापायच्या आणि पानाच्या खालच्या बाजूला स्टेपल मारायच्या. पण त्या कार्डातून जो जीव बाहेर पडतो तो कोणता हे बघितलेली माणसं फार कमी, आणि शेतातून स्वतः अंडी गोळा करून त्यातून निघालेला ट्रायकोग्रामा ओळखायला बसलेली तर त्याहून कमी. मी गेली काही वर्षं हे काम करतोय. विचारणारे सगळे एकच प्रश्न विचारतात, फोटोवरून सांगता येईल का? नाही येणार. का नाही येणार आणि मग करायचं काय, ते इथे सविस्तर लिहितो.

आधी आकाराचा अंदाज घ्या. हा जीव अर्धा मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे खसखशीच्या दाण्याच्या निम्मा धरा. गांधीलमाशीच्या गणातलाच आहे, पण डंख वगैरे काही नाही. मादी पतंगाच्या अंड्यात आपलं अंडं घालते, आतली अळी त्या अंड्यातला ऐवज खाऊन तिथेच वाढते, कोषही तिथेच होतो आणि साधारण ८ ते १० दिवसांत पंखवाला कीटक भोक पाडून बाहेर येतो. म्हणजे पिकाला खाणारी अळी जन्मालाच येत नाही. या प्रजातीत (इंग्रजीत जीनस) जगभरात २०० च्या वर जाती (स्पीशीज) आहेत, आणि वरवर बघितलं तर सगळ्या सारख्याच दिसतात, हीच सगळी अडचण आहे.

सुरुवात शेतातून करा. उसात खोडकिडीच्या अंड्यांचे पुंजके पानाच्या खालच्या अंगाला सापडतात, चपटी, मळकट पांढरी, माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक सरकवलेली, तीन ते पाच ओळींत. यातली काळी पडलेली अंडी आपल्याला हवीत. पण इथे एक गोष्ट नीट बघा, कारण नवीन माणूस इथेच फसतो. निरोगी अंडंसुद्धा फुटायच्या आधी काळसर दिसतं, आतल्या अळीचं डोकं काळं असतं आणि ते कवचातून दिसतं. भिंग लावून बघितलं की फरक कळतो, अळीवाल्या अंड्यात एकच काळा ठिपका असतो आणि बाकी अंडं फिकट, आणि ट्रायकोग्रामावाल्या अंड्याचं अख्खं कवच आतून शाई लावल्यासारखं एकसारखं काळं. ते काळं व्हायला मादीने अंडं घातल्यापासून चार दिवस लागतात, त्यामुळे आज पांढरी दिसणारी अंडीही फेकून देऊ नका, ठेवा आणि वाट बघा. रिकामं कवच मिळालं तरी माहिती मिळते. ट्रायकोग्रामा बाहेर पडताना छोटं गोल भोक पाडतो, अळी बाहेर पडली असेल तर कवच वेडंवाकडं कुरतडलेलं असतं.

प्रत्येक पुंजका पानाच्या तुकड्यासकट वेगळ्या काचेच्या नळीत टाका, कापसाचा घट्ट बोळा लावा, जाळीचं झाकण चालत नाही कारण साध्या जाळीतून हा आरामात निघून जातो. सुटी अंडी असतील, म्हणजे टोमॅटो-हरभऱ्यावरच्या घाटेअळीची, तर प्रत्येक अंडं स्वतंत्र जिलेटिन कॅप्सूलमध्ये ठेवा, औषधाच्या दुकानात रिकाम्या कॅप्सूल मिळतात. नळीत मध लावू नका. जिवंत ठेवून वाढवायचा असेल तर मधाची बारीक रेघ लागते, पण ओळखायला ठेवलेला नमुना एकदा मधात बुडाला की त्याचे पंख आणि मिशा एकमेकांना चिकटून बसतात आणि नमुना वाया जातो. आणि चिठ्ठी त्याच दिवशी, त्याच नळीवर, शिसपेन्सिलीने लिहा, कारण अल्कोहोल सांडलं की बॉलपेन पुसतं. गाव, तारीख, पीक, कुठल्या किडीची अंडी, कुणी गोळा केली एवढं पाहिजेच. शेजारच्या प्लॉटमध्ये कार्ड सोडलं होतं का तेही लिहा, नाहीतर प्रयोगशाळेतलाच कीटक तुम्ही 'रानातला' म्हणून नोंदवाल.

आता कीटक बाहेर पडले, पण ते ट्रायकोग्रामाच आहेत कशावरून? पतंगाच्या अंड्यातून दुसरेही बरेच निघतात. लष्करी अळीच्या अंड्यातून टेलेनोमस निघतो, तो काळाभोर चकचकीत. भाताच्या खोडकिड्याच्या केसाळ पुंजक्यातून टेलेनोमसही निघतो, टेट्रास्टिकसही निघतो आणि ट्रायकोग्रामाही, कधीकधी एकाच पुंजक्यातून. यात गोंधळ होऊ नये म्हणून सगळ्यात आधी पाय बघा. पायाच्या शेवटच्या भागाला, ज्याला टार्सस म्हणतात, त्याला सांधे किती ते मोजा. तीन असतील तर कीटक ट्रायकोग्रामाच्या कुळातला. टेट्रास्टिकसला चार असतात, टेलेनोमसला पाच. ही एकच मोजणी केली तरी निम्मा प्रश्न सुटतो आणि तिला मोठा मायक्रोस्कोपही लागत नाही, बऱ्यापैकी स्टिरिओ मायक्रोस्कोप आणि खालून उजेड असला की जमतं. शिवाय ट्रायकोग्रामाला बारीक कंबर नसते, छाती आणि पोट रुंद जोडलेले असतात, आणि जिवंत असताना डोळे लालभडक दिसतात.

कुळ कळलं, आता प्रजाती. त्यासाठी पुढचा पंख बघायचा, आणि हा भाग मला स्वतःला फार आवडतो. ट्रायकोग्रामा हे नावच ग्रीक शब्दांवरून आलंय, केस आणि रेघ. वेस्टवूडने १८३३ साली ही प्रजाती नोंदवली आणि पंखावर जे दिसतं तेच नावात घातलं. पंख सपाट पसरून खालून उजेड टाकला की त्यावरचे बारीक केस इतस्ततः नसून ओळीत उभे दिसतात, भाताची रोपं ओळीत लावल्यासारखे. पंखाची शिर एकच, आणि ती लपेटदार इंग्रजी एस अक्षरासारखी वळत जाते, मध्ये तुटत नाही. त्या शिरेच्या टोकाजवळून मागे वळून जाणारी केसांची एक छोटी ओळ असते, तिला आरएस-वन म्हणतात. ती ओळ शोधाच. ती असेल तर ट्रायकोग्रामा, आणि नसेल तर बहुतेक त्याचा जवळचा भाऊबंद ट्रायकोग्रामाटॉयडिया. हा भाऊबंद आपल्याकडे नुसता पुस्तकात नाही, कपाशीच्या गुलाबी बोंडअळीसाठी ट्रायकोग्रामाटॉयडिया बॅक्ट्री सोडतात, त्यामुळे कपाशीच्या भागात काम करणाऱ्याला हा फरक माहीत असलाच पाहिजे.

मिशांवरूनही हे पक्कं करता येतं. ट्रायकोग्रामाच्या मादीची मिशी आखूड, टोकाला एक जाड गदा आणि तिच्या आधी दोन छोटे मणी. नराची मिशी मात्र वेगळीच, टोकाचा सगळा भाग एकसंध, सांधा नसलेला, आणि त्यावर लांब लांब केस, बाटली धुवायच्या ब्रशसारखे. ट्रायकोग्रामाटॉयडियाच्या नरात हाच भाग सांध्यांमध्ये विभागलेला असतो. म्हणजे पंख खराब झाला असेल आणि हातात नर असेल तरी काम होतं.

इथपर्यंत फार अवघड नाही. खरी कसोटी जातीची आहे, आणि इथे रंग, आकार आणि यजमान (म्हणजे ज्या किडीच्या अंड्यात तो वाढला ती) या तिन्ही गोष्टींवर अजिबात विसंबू नका. मला माहीत आहे की सगळे रंगावरूनच सांगतात, पिवळट असेल तर चिलोनिस ही जात, काळपट असेल तर जापोनिकम, आणि सर्वसाधारणपणे ते बरोबरही येतं, पण रंग तापमानावर बदलतो. थंडीत वाढलेला कीटक काळपट निघतो, तोच उन्हाळ्यात वाढला की पिवळा. आकाराचंही तसंच, मोठ्या अंड्यात एकटा वाढला तर दांडगा, छोट्या अंड्यात किंवा चार भावंडांबरोबर वाढला तर किडूक. आणि यजमान काय, चिलोनिस उसातही आहे, कपाशीतही, टोमॅटोतही.

यजमानामुळे शरीर किती बदलू शकतं याचं एक उदाहरण सांगतो, इंग्लंडमधलं आहे. जॉर्ज सॉल्ट यांनी १९३७ साली ट्रायकोग्रामा सेम्ब्लिडिसवर केलेलं काम बघा. हा कीटक पतंगाच्या अंड्यातून निघाला तर नराला पंख असतात, पण पाण्याकाठी राहणाऱ्या सियालिस नावाच्या माशीच्या अंड्यातून निघाला तर त्याच जातीचा नर बिनपंखाचा निघतो, आणि त्याच्या मिशाही मादीसारख्या दिसतात. दोन नर शेजारी ठेवले तर कुणीही दोन वेगळ्या जाती म्हणेल, नव्हे दोन वेगळ्या प्रजाती म्हणेल! फरक फक्त कुठल्या अंड्यात वाढला एवढाच.

मग काय बघायचं? नराचं जननेंद्रिय. आणि हे जगाला पटवून देण्यात आपल्याकडच्या दोन संशोधकांचा मोठा वाटा आहे, याचा मला खरंच अभिमान वाटतो. सुधा नागरकट्टी आणि एच. नागराजा, बंगळूरला काम करत होते. १९७१ साली त्यांनी आधीच माहीत असलेल्या जातींचं नव्याने वर्णन केलं आणि दाखवून दिलं की नराच्या जननेंद्रियाची रचना बघितल्याशिवाय ट्रायकोग्रामाची जात नीट सांगता येत नाही. नुसतं रचनेवर न थांबता त्यांनी जातींचे संकर लावूनही तपासलं. त्याआधी आपल्याकडे कुठल्याही ट्रायकोग्रामाला मायन्यूटम म्हणायचे, नाहीतर इव्हॅनेसेन्स. उसातला आपला नेहमीचा कीटक तर किती नावांतून गेला, ऑस्ट्रॅलिकम म्हणून वर्षानुवर्षं छापला गेला, मग १९७६ साली विगियानी यांनी कन्फ्युझम नाव दिलं, आणि नंतर कळलं की हा तर इशी यांनी १९४१ सालीच चिलोनिस म्हणून नोंदवलेला. म्हणून जुना लेख वाचताना 'ऑस्ट्रॅलिकम सोडला' असं दिसलं आणि काम भारतातलं असेल तर तो बहुतेक चिलोनिस आहे असं धरून वाचा.

तर स्लाइड बनवूया. कीटक अल्कोहोलमध्ये मारा, स्लाइडसाठी ७० टक्के चालतं, पण पुढे डीएनए काढायची शक्यता असेल तर त्याच नळीतले काही कीटक ९५ टक्क्यांच्या वरच्या अल्कोहोलमध्ये फ्रीजमध्ये वेगळे ठेवा, हे आधीच करा, नंतर आठवून उपयोग नसतो. नर वेगळे काढा, मिशांच्या लांब केसांवरून स्टिरिओखाली पटकन कळतात. अगदी बारीक ट्रिपल झिरोचा ब्रश अल्कोहोलमध्ये बुडवून टोक केलं की कीटक त्याला आपोआप येऊन चिकटतो, चिमट्याने धरू नका, चेंदामेंदा होतो. स्लाइडवर हॉयर्स मीडियमचा, म्हणजे कीटक स्लाइडवर बसवायच्या द्रवाचा, थेंब घ्या. थेंब किती? टाचणीच्या डोक्याएवढा, त्याहून मोठा नको. थेंब मोठा झाला की कव्हरस्लिप ठेवताना कीटक तरंगतो आणि कुशीवर वळतो, आणि वळलेल्या नराचं काहीही दिसत नाही.

कीटक थेंबात ठेवल्यावर त्याची पाठ वर यायला पाहिजे. हे सगळ्यात महत्त्वाचं. मी सुरुवातीला पोट वर करून जवळपास तीस स्लाइड बनवल्या, कारण मला वाटलं जननेंद्रिय खालच्या बाजूने जास्त स्पष्ट दिसेल, आणि जी पाठीकडची पट्टी बघायची ती बाकीच्या भागांखाली झाकली गेली, सगळ्या परत करायला लागल्या आणि त्यातल्या दोन ठिकाणचे नर शिल्लकच नव्हते. बारीक सुई काडीला चिकटवून घ्या, तिने मिशा बाजूला पसरा, पंख सपाट करा, जमलं तर एका बाजूचा पंख सोडवून शेजारीच ठेवा. मग कव्हरस्लिप एका कडेवर टेकवून हळूहळू खाली सोडा. हॉयर्समध्ये कीटक आपोआप पारदर्शक होत जातो, टेबललॅम्पच्या उबेला दोन-चार दिवस ठेवला की पोटाच्या आतलं सगळं दिसायला लागतं. सुकल्यावर कडेने नेलपॉलिश फिरवा, नाहीतर आपल्या पावसाळ्यात हॉयर्स ओल धरतं आणि स्लाइड जाते. कायमची ठेवायची असेल तर हॉयर्सऐवजी कॅनडा बाल्सम नावाचा पारदर्शक राळेसारखा पदार्थ, त्यात कष्ट जास्त आहेत, आधी पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये साफ करा, मग पाणी, मग चढत्या टक्केवारीचं अल्कोहोल, मग लवंगेचं तेल, पण प्रत्येक ठिकाणचे दोन नर तरी बाल्सममध्ये ठेवावेत असं माझं ठाम मत आहे.

आता ४०० पटीवर लावा आणि पोटाच्या टोकाकडे जा. कातडीच्या आत एक लांबट कुपी दिसेल. फोकस अगदी वर ठेवला की पाठीकडची एक पातळ पट्टी दिसते, तिला डॉर्सल लॅमिना म्हणतात, आणि बहुतेक जाती तिच्यावरूनच वेगळ्या काढतात. ती त्रिकोणी आहे का गोलसर, बुडाशी दोन्ही बाजूंना खांदे आहेत का, टोक मागे कुठपर्यंत पोचतं, हे कागदावर हाताने काढा. फोटो घ्या पण चित्रही काढा, कारण चित्र काढताना डोळा जे बघतो ते फोटो घेताना बघत नाही. मग फोकस हळूहळू खाली न्या, चिमट्यासारखे भाग दिसतील, त्यांच्या मध्ये पोटाच्या बाजूला एक टोकदार उंचवटा, आणि सगळ्यांच्या मधून जाणारी एक बारीक कांडी. चिलोनिसमध्ये ती पट्टी त्रिकोणी आणि बाजूचे खांदे चांगले ठळक, गोलसर असतात. एकदा तुमच्या ओळखीच्या कार्डावरचा चिलोनिस असा नीट बघून ठेवलात की पुढे शेतातला वेगळा नर आला तर डोळा लगेच अडतो. एका नरावर निकाल देऊ नका, एका ठिकाणचे पाच-सहा तरी बघा. मिशीवरच्या सगळ्यात लांब केसाची लांबी आणि मिशीची जाडी यांचं प्रमाणही मोजून लिहा, जाती ओळखायच्या तक्त्यांमध्ये (इंग्रजीत की) ते लागतं.

आणि नरच नसतील तर? असं होतं, आणि तेव्हा लोक घाबरतात की आपलं काही चुकलं. सर्वसाधारणपणे ट्रायकोग्रामात न फळलेल्या अंड्यातून नर होतो आणि फळलेल्यातून मादी. पण काही वंशांमध्ये वोल्बाकिया नावाचा जिवाणू पेशींमध्ये राहतो आणि त्याच्यामुळे न फळलेल्या अंड्यातूनही मादीच निघते, पिढ्यान्‌पिढ्या फक्त माद्या. १९९० साली स्टाउथामर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अशा माद्यांना अँटिबायोटिक दिलं की नर परत यायला लागतात. त्यामुळे कीटक जिवंत असतील तर मधात टेट्रासायक्लिन मिसळून द्या, किंवा ३० अंशांच्या वरच्या तापमानात वाढवून बघा, पुढच्या पिढ्यांमध्ये नर दिसले की त्यांची स्लाइड करा. कीटक मेलेले असतील तर डीएनएचाच रस्ता, आयटीएस-टू नावाचा तुकडा बघतात, त्याची लांबी आणि क्रम जातीनुसार बदलतो. तरी मी म्हणेन की नर मिळत असेल तर दोन्ही करा.

दोन वंश एकाच जातीचे आहेत का असा संशय असेल आणि दोन्ही जिवंत असतील तर संकर लावून बघण्यासारखी दुसरी परीक्षा नाही. कार्डावरची काळी अंडी एकेक सुटी करून वेगवेगळ्या नळ्यांत ठेवायची. हे का, तर नर आधी बाहेर पडतो आणि अंड्यांपाशीच थांबून बहिणी निघाल्या की त्यांच्याशी जुगतो, त्यामुळे कार्डावर सापडलेली मादी कुमारी आहे असं कधीच धरता येत नाही. एकट्या नळीत निघालेली मादी घ्यायची, दुसऱ्या वंशाचा नर सोडायचा, मग कॉर्सेराची, म्हणजे कार्डावर ज्याची अंडी चिकटवतात त्या पतंगाची, ताजी अंडी द्यायची. पिल्लावळीत मुली आल्या म्हणजे अंडी फळली, नुसते मुलगे आले म्हणजे जुगले असतील-नसतील पण फळलं काही नाही. शेजारी काही कुमारी माद्या नराशिवायही ठेवा, त्यांनी मुली दिल्या तर वोल्बाकिया आहे आणि ती सगळी परीक्षा बाद.

कार्डं बनवणाऱ्यांना एवढंच सांगेन की मूळ कल्चरमधले नर दर काही पिढ्यांनी स्लाइडवर बघत जा. सगळ्या जाती कॉर्सेराच्या अंड्यांवरच वाढतात, एका खोलीत दोन जाती असतील तर एखादी मादी इकडून तिकडे जायला काहीच लागत नाही, आणि मग लेबलवर जापोनिकम लिहिलेल्या कार्डातून भाताच्या शेतात चिलोनिस सुटतो. शेतकरी म्हणतो कार्डाने काम केलं नाही, त्याचं चुकत नाही.

सगळं करूनही नाव लागत नसेल तर स्लाइड, अल्कोहोलमधले नमुने आणि चिठ्ठीची नक्कल असं तिन्ही एकत्र बंगळूरच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोसारख्या संस्थेतल्या जाणकाराला विचारून पाठवा. स्लाइड आडव्या, कापसात, लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या स्लाइडबॉक्समध्ये, आणि सगळ्या पाठवू नका, प्रत्येक ठिकाणचा एक नर आपल्याकडे ठेवा, त्यावर तोच नंबर टाकून.